वॉशिंग मशीनशेजारचा सैतान

२ फेब्रुवारी १९७५, रविवार

आजपासून दैनंदिनी. पुढे कधी कोणी पहाटतारा पंथाचा इतिहास लिहायला बसले, तर संस्थापकाने सुरुवातीच्या दिवसांत काय खाल्ले आणि काय सोसले, हे त्याला कुठूनतरी कळायला हवे. आज संस्थापकाने टोमॅटोचे सूप खाल्ले आणि सर्दी सोसली.

पंथ आज दुपारी स्थापन झाला. हजर दोघेच. एक मी, मर्ल टॅलमन, वय सत्तेचाळीस, इथे पॅसिफिका गावात एका दुकानात गालिचे विकतो. दुसरा ड्वेन केटरिंग, तो कवळ्या बनवतो. आम्ही दोघे सहा वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्वालामंदिरात सैतानाचे उपासक होतो, पण खुर्च्या मांडण्याखेरीज आम्हाला दुसरे काम म्हणून मिळाले नाही. ज्याने देवापुढे गुडघे टेकायला नकार दिला त्याच्या मंदिरात आम्ही दर शुक्रवारी गुडघ्यांवर रांगत खुर्च्यांच्या पायांना रबर बसवत होतो. राजीनाम्यात अर्थात 'तात्त्विक मतभेद' असे लिहिले.

तसा तात्त्विक मतभेदही होता. आमचे म्हणणे, सैतान नावाचे खरोखर कोणी नाही. ते एक प्रतीक आहे, ताठ मानेने आणि स्वतःच्या मर्जीने जगणाऱ्या माणसाचे. प्रत्येकाने स्वतःचा देव व्हावे, बस. मंदिरातले नवे लोक मात्र त्याला खरेच मानू लागले होते. मेणबत्ती लावून त्याच्याकडे नोकरीत बढती मागत. आम्ही म्हणालो, मग चर्चने काय घोडे मारले होते?

जागेचा प्रश्न मार्लिसने सोडवला. मार्लिस माझी बायको.

"तळघर घ्या," ती म्हणाली. "पण वॉशिंग मशीन हलणार नाही. नळ तिथंच आहे."

"वेदीशेजारी वॉशिंग मशीन बरं दिसेल का गं?"

"मग वेदी हलव."

वेदी हलवली. आता ती पाणी तापवायच्या टाकीला टेकून आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी आजपासून महापुरोहित.

९ फेब्रुवारी, रविवार

माणसे जमली. बहुतेक ज्वालामंदिरातले नाराज लोक, आणि एक अगदी नव्या, मिसेस बर्निस हॉब्डे. पियानो शिकवणाऱ्या विधवा बाई, सत्तरीच्या. येताना स्वतःची उशी घेऊन आल्या. आयुष्यभर मेथडिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवला म्हणाल्या.

"मग आमच्याकडे कशा वळलात?" मी विचारले.

"तुम्हाला काय हवंय, असं तिथं मला कुणी कधी विचारलं नाही हो. तुमच्या पत्रकात पहिलाच प्रश्न तो होता."

पत्रक मार्लिसने टंकले होते. तो प्रश्न मी लिहिल्याचे मला आठवत नाही, पण चांगला आहे.

आता खरी अडचण. आमच्या जगात एक रिवाज आहे. फुटून नवा पंथ काढणाऱ्याने अंधाराच्या राजपुत्राकडून, म्हणजे सैतानाकडून, स्वतःचे असे 'वचन' आणावे लागते. ते आणल्याशिवाय बाकीचे पंथ पत्राला उत्तरसुद्धा देत नाहीत. वचन असले तर तुम्ही पंथ, नाहीतर तळघरात बसलेली माणसे. फुटलेल्या प्रत्येकाला ते मिळालेले आहे. सॅन होजेच्या एका गृहस्थांना तर बाथटबमध्ये मिळाले.

"अरे, पण तो प्रतीक आहे ना?" मी ड्वेनला म्हणालो. "प्रतीक बोलणार कसं?"

"ते तू बघ बाबा. आवाज तुझा चांगला आहे."

रीत अशी: माध्यमाने डोळे मिटून आडवे व्हायचे. जवळ एकच लेखनिक, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. माध्यमाच्या तोंडून तो बोलतो, लेखनिक उतरवून घेतो, माध्यमाला नंतर काही आठवत नाही. लेखनिक कोण, हा प्रश्नच नव्हता. मार्लिस लग्नाआधी सेंट पॉल शहराच्या न्यायालयात लघुलेखिका होती. माणूस कितीही भरभर बोलला तरी तिचा शब्द सुटत नसे असे म्हणतात. तिला विचारले.

"तू बोलणार आणि मी लिहिणार," ती म्हणाली.

"हो."

"बरं. रविवारी दुपारी ठेव. मला कपडे धुवायचेच असतात."

२३ फेब्रुवारी, रविवार

 जसे घडले तसे लिहितो.

जेवायला भाजलेले मांस, बटाटे आणि ग्रेव्ही होती. मी दोनदा घेतले. मग मंडळी वर स्वयंपाकघरात कॉफी घेत बसली आणि मी तळघरात गालिच्याच्या गुंडाळीवर डोके ठेवून आडवा झालो. मार्लिस खुर्चीत वही घेऊन बसली. पुढचे मला काहीही आठवत नाही. एकदम तिनेच हलवून उठवले. धुतलेल्या कपड्यांच्या घड्यासुद्धा घालून झाल्या होत्या. म्हणजे मी बराच वेळ दुसऱ्या जगात होतो.

वर गेलो तर ड्वेनचा चेहरा पांढराफटक. "जमिनीखालून घरघर येत होती मर्ल. कप हलत होते."

मार्लिसने तिच्या रेघोट्यांवरून वाचून दाखवले:

'माझ्यापुढे गुडघे टेकू नका. गुडघे टेकलेल्या माणसाला समोरच्याचे बूट तेवढे दिसतात.

ज्याला जे हवे ते त्याने तोंडाने मागावे. दाबून ठेवलेले मागणे नासते आणि त्याचा वास घरभर सुटतो.

मी दूर नाही. मी तुमच्याच टेबलापाशी बसलेला असतो, आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचत असता.'

 मिसेस हॉब्डे मार्लिसकडे पाहत राहिल्या. मला शेवटच्या ओळीने काटा आला, कारण मी खरोखरच टेबलापाशी वर्तमानपत्र वाचतो. त्याला हे कसे कळले?

२ मार्च, रविवार

आठवडाभर धड झोप नाही. सहा वर्षे मी लोकांना पटवत आलो की सैतान हे प्रतीक आहे. त्यासाठी मी दोन मित्र आणि एक मेहुणा गमावला. आता मला वाटू लागले आहे की तो आहे.

कारण ती वाक्ये माझी नाहीत. मी स्वतःला ओळखतो. मी आयुष्यात लिहिलेले सर्वांत चांगले वाक्य 'डाग पडत नाहीत, पडले तर दिसत नाहीत' हे आहे, आणि तेसुद्धा गालिच्याच्या चिठ्ठीवर. ज्याला असे सुचते त्याच्या तोंडून ते बुटांचे वाक्य यायचे तर आत दुसरे कोणीतरी असलेच पाहिजे.

मार्लिसला विचारले, माझा आवाज कसा येत होता.

"घोगरा," ती म्हणाली. गाजर सोलत होती.

"भयंकर होता का?"

"सवय आहे मला."

काय धीराची बाई आहे.

१६ मार्च, रविवार

दुसरी बैठक. भाजलेल्या खिम्याचा मीटलोफ, मक्याची कणसे. पडताक्षणी समाधी लागली. वचन असे आले:

'ज्याने ताट खरकटे केले त्याने ते धुवावे. दुसऱ्याच्या हातांवर जगणारा स्वतःचा देव नसतो, तो पाहुणा असतो.'

यावर तासभर चर्चा झाली. ड्वेनच्या मते ताट म्हणजे देह आणि खरकटे म्हणजे जुन्या धर्माचे संस्कार. दुसऱ्या एकाच्या मते ताट म्हणजे चंद्र. मिसेस हॉब्डे म्हणाल्या, "मला वाटतं, ताट म्हणजे ताटच असावं."

मी महापुरोहित. संशयाला जागा नको म्हणून वचन शब्दशःही पाळायचे ठरवले. जेवणाची भांडी मी घासली. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, आपल्याकडे मोठे भांडे घासायची काथ्याची घासणी आहे हे मला आज कळले. मार्लिस दारात उभी राहून पाहत होती.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. सैतानाचं ऐकतोस तू."

"त्याचं कोण ऐकणार नाही?"

ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. साबणाचा वास तिला सहन होत नाही बहुधा.

३० मार्च, रविवार

बैठक नाही. ईस्टर. निम्म्या सैतान-उपासकांना आईकडे जेवायला जायचे होते. ड्वेन दुपारी आला आणि खिशातून रंगवलेले अंडे काढून म्हणाला, "शेजारणीनं दिलं, नाही कसं म्हणायचं?" आम्ही ते मीठ लावून खाल्ले. पंथाची शिस्त सुधारायला हवी.

१३ एप्रिल, रविवार

तिसरी बैठक. कोंबडी. वचन:

'कोणी कोणाच्या मालकीचे नसते. धरलेला हात आणि पकडलेला हात बाहेरून सारखाच दिसतो. फरक हातालाच कळतो.'

आणि एक खास सूचना: 'माझ्या लेखनिकेला दार लावता येईल अशी स्वतःची खोली असावी.'

दुसऱ्याच दिवशी माझी गालिच्याच्या नमुन्यांची खोली रिकामी केली. त्या खोलीवरून आमची पाच वर्षे तरी कुरबुर होती. मार्लिस मागायची, मी 'बघू' म्हणायचो. सैतानाने एका वाक्यात निकाल लावला. नमुने आता माझ्या पलंगाखाली आहेत, आणि खरे सांगायचे तर पलंगावरही.

वचनाचा परिणाम पाहून मीच घाबरलो. मिसेस हॉब्डेंचा मुलगा त्यांना फ्रेस्नोच्या वृद्धाश्रमात ठेवणार होता, कागदांवर सही तेवढी बाकी होती. त्यांनी त्याला फोन करून सांगितले, मी येणार नाही, मी कोणाच्या मालकीची नाही. मुलाने विचारले, हे तुला कोणी शिकवले. "सैतानानं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. सांगताना त्यांचे गाल एखाद्या मुलीसारखे लाल झाले होते.

हे सगळे माझ्या तोंडून आले. मला माझ्या तोंडाचा आदर वाटू लागला आहे. आरशात ते पूर्वीसारखेच दिसते.

२७ एप्रिल, रविवार

सॅन होजेच्या बाथटबवाल्या गृहस्थांचे पत्र आले. 'आपले वचन अस्सल आहे. असले काही पुरुषाला सहसा सुचत नाही, यावरूनच त्याचा उगम मानवापलीकडचा आहे हे सिद्ध होते.' आम्हाला मान्यता मिळाली. पत्र मार्लिसला वाचून दाखवले. तिला इतका मोठा ठसका लागला की पाठीवर थोपटावे लागले.

घरातले वातावरणही बदलले आहे. भांडी मी घासतो, कचरा मी काढतो, वर्तमानपत्र जेवणानंतर वाचतो. मार्लिस गुणगुणत असते. मला वाटते सैतान घरात आल्यापासून आमचा संसार सुधारला. हे कोणाला सांगायची सोय नाही, ही एक अडचण आहे.

नाश्त्याला ती पोर्टलंडचे काहीतरी सांगत होती. तिची बहीण तिकडे असते. मी वेदीवरच्या कापडासाठी काळा की गडद जांभळा या विचारात होतो. मी 'छान' म्हणालो. बहिणीला बहुतेक बाळ होणार आहे.

४ मे, रविवार

बहिणीला बाळ होणार नाही.

बैठक नव्हती. मी भांडी पुसत होतो. मार्लिस टेबलापाशी बसली होती, पुढे कोट घडी करून ठेवलेला.

"मर्ल, सात जूनला मी निघते."

"किती दिवसांसाठी?"

"पोर्टलंडच्या न्यायालयात जागा मिळाली. लघुलेखिकेची. बहिणीकडे राहीन, मग खोली बघीन."

"म्हणजे आपण पोर्टलंडला जायचं? पण पंथ—"

"आपण नाही. मी."

मी हातातले ताट पुसतच राहिलो. मला वाटते ते पुष्कळ वेळ कोरडे होते.

"हे तू मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सांगितलं. नाश्त्याला सांगितलं, गाडीत सांगितलं. तू म्हणालास, छान. रविवारीसुद्धा सांगत आले."

"रविवारी तर बैठक असते."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. एखादे लहान पोर दार उलट्या बाजूने ढकलत असले तर आपण पाहतो, तसे.

"तुला तिथं काय मिळणार आहे?" मी विचारले.

"तिथं लोक जे बोलतात तेच लिहायचं असतं. आणि कुणीतरी समोर बसून सांगतं, हे लिहून घ्या. मला ते हवंय."

'ज्याला जे हवे ते त्याने तोंडाने मागावे.' माझेच वचन. मी नाही म्हणूच शकत नव्हतो. मी 'बरं' म्हणालो आणि दुसरे ताट घेतले.  ती जाऊ नये असे मला वाटते. इथे लिहिले. तिला सांगता आले नाही.

६ मे, मंगळवार

ड्वेनच्या दुकानात गेलो. त्याच्यापुढे दहा-बारा जबडे मांडलेले होते, सगळे हसत.

"तत्त्व स्पष्ट आहे," तो म्हणाला. "प्रत्येकाची मर्जी म्हणजेच धर्म. तिची मर्जी जायची. तुझी मर्जी तिनं राहावं. दोन्ही देव सारखेच मोठे. आता काय करणार?"

"तेच विचारतोय."

"त्यालाच विचार ना लेका. रविवारी विचार. तो म्हणाला राहा, तर ती राहील. ती लेखनिका आहे, त्याचा शब्द टाळायची नाही."

परत येताना गाडीत लक्षात आले की सैतान काय म्हणेल ते मला माहीत आहे. तो आजवर एकदाही माझ्या बाजूने बोललेला नाही.

मग एक विचार सुचला. तो इथे लिहायलाही लाज वाटते, पण आमच्या पंथात लाज नाही. मी रविवारी समाधीत जायचेच नाही. जागे राहायचे, आणि त्याच्या नावाने मीच बोलायचे. दुसऱ्या धर्मात याला पाप म्हणतात. आमच्यात पाप नाही, त्यामुळे क्षमाही नाही, हे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते.

११ मे, रविवार

जेवणाला फक्त कोशिंबीर घेतली. मार्लिसने भुवई उंचावली, बोलली नाही.

तळघरात आडवा झालो. तिने मशीनमध्ये कपडे टाकले, साबण टाकला, झाकण लावले. मग ती थांबली असावी, कारण मशीन सुरू झाले नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे मी मिटलेलेच ठेवले. जमेल तितका घोगरा आवाज काढला.

"लेखनिका इथंच राहील," मी म्हणालो. "अशी माझी आज्ञा आहे."

 पेन्सिल चालली नाही.

"पोर्टलंड," मी म्हणालो, "हे... दमट शहर आहे."

तेही इतके मूर्ख वाटले की पुढे घोगरा आवाज धरून ठेवता येईना. "ती गेली तर या माणसाला घरात कोणी राहणार नाही," मी म्हणालो. "त्याला आता घासणी कुठं असते ते कळलंय. भाज्या कुठं असतात ते अजून कळायचंय. त्याला एकोणीस वर्षं वाटत होतं की ती खोलीत आहे म्हणजे आहेच. ती नसली तर तो काय करेल हे मलासुद्धा माहीत नाही, आणि मी सैतान आहे."

 मग पेन्सिल चालू लागली. थोडा वेळ चालली आणि थांबली. तिने माझ्या खांद्याला हात लावला, नेहमीसारखा. मी नेहमीसारखा जागा झाल्याचे सोंग केले.

वर सगळे जमले होते. ड्वेनने मला डोळा मारला. मार्लिसने वही उघडली आणि वाचले:

'ज्याला जायचे आहे त्याची वाट अडवू नका. दाराशी उभे राहून त्याला विचारा, कोट घेतलास का.

हा माणूस वाईट नाही. त्याला फक्त असे वाटते की घर आपोआप चालते.'

मी भिंतीला टेकलो. यातला एक शब्द मी उच्चारला नव्हता.

मला सावकाशच कळते. बुटांचे वाक्य आले, मग टेबलावरचे वर्तमानपत्र, ताट, दार लागणारी खोली. एकामागून एक सगळी येऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि प्रत्येकाला मार्लिसचा चेहरा होता. अंधाराचा राजपुत्र फेब्रुवारीपासून माझ्याच घरात कपड्यांच्या घड्या घालत होता.

मी ओरडून सांगू शकलो असतो, हे मी म्हणालोच नाही. पण मग मी जागा होतो हेही सांगावे लागले असते. आणि मिसेस हॉब्डे समोरच बसल्या होत्या. त्यांची बॅग फ्रेस्नोला गेली नव्हती ती याच वचनांच्या जोरावर. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण वचनानंतर 'असेच असो' हे महापुरोहिताने म्हणायचे असते.

"असेच असो," मी म्हणालो.

मार्लिसने वही मिटली आणि खाली कपडे धुवायला गेली.

१८ मे, रविवार

मी जाहीर केले की राजपुत्राने मौन धरले आहे. ड्वेनला हे फारच अर्थपूर्ण वाटले. तो मौनावर निबंध लिहिणार आहे.

मिसेस हॉब्डे शेवटपर्यंत थांबल्या. मी कप विसळत होतो, त्या पुसत होत्या.

"तुम्हाला कळलेलं दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. मी सगळं आयुष्य मुलांचा पियानो ऐकलाय मर्ल. पाठमोरी बसले तरी कुठलं पोर वाजवतंय ते सांगते."

"आणि तरी तुम्ही मुलाला फोन केलात?"

"मला कुणीतरी सांगायला हवं होतं. सैतानानं सांगितलं काय आणि मार्लिसनं काय." त्यांनी कप उजेडात धरून पाहिला. "हा परत विसळा."

मी या गोष्टीबद्दल मार्लिसशी बोललेलो नाही. तीही नाही. आम्ही एकमेकांना 'मीठ दे' म्हणतो ते मात्र फार प्रेमाने म्हणतो.

१ जून, रविवार

मंडळी आली नाहीत, मीच नको म्हणालो. दुपारी तळघरात एकटाच जाऊन आडवा झालो. म्हटले, बघू, खरा कोणी असलाच तर येईल. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मान आखडली होती. एवढेच.

ती वर सामान भरत होती. दार उघडे होते. मी दाराशी उभा राहिलो. बोलायला तोंड उघडले आणि "दोरी हवी का?" असे विचारले. ती म्हणाली, हवी. मी दोरी आणून दिली.

७ जून, शनिवार

सकाळी धुके होते. मी तिला शहरातल्या बसस्थानकावर सोडले. दोन बॅगा आणि टंकयंत्र. टंकयंत्र मीच उचलले, ते फार जड आहे. इतकी वर्षे ते ती एका खोलीतून दुसरीत एकटी नेत असे.

बस लागली होती, चढायला वेळ होता. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे एक जाड गृहस्थ, मागे दोन नन. नन पाहून मार्लिसने मला कोपर मारले आणि आम्ही दोघेही हसलो.

"कोट घेतलास का?" मी विचारले.

"घेतला." मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू जागा होतास."

"तुला कसं कळलं?"

"झोपलास की घोरतोस. पहिल्या बैठकीपासून घोरत आलास. मशीन लावलं की जरा दबायचं."

"मग मी समाधीत कधी काहीच बोललो नाही?"

"एकदा 'ग्रेव्ही' म्हणालास."

रांग एक पाऊल सरकली. मी टंकयंत्र उचलून पुढे ठेवले.

"त्या दिवशी जे बोललो," मी म्हणालो, "ते तू लिहून घेतलं नाहीस."

"नाही."

"का?"

"ते सैतान बोलत होता ना. मला त्याच्याकडून नको होतं ते. तू बोलला असतास तर घेतलं असतं."

"मी बोललो असतो तर राहिली असतीस?"

तिने खरेच विचार केला. ती कोणत्याही प्रश्नावर खरेच विचार करते, हे मला आज दिसले. "नाही," ती म्हणाली. "पण जाताना बरोबर नेलं असतं."

जाड गृहस्थ चढले. चालकाने तिच्या बॅगा घेतल्या. माझ्या मागे दोन नन, आत खिडक्यांतून पाहणारी माणसे, आणि माझा आवाज नेहमीचा, गालिचे विकायचा, थोडा चिरका.

"मार्लिस," मी म्हणालो, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तुला जायचंय हे कळतं मला. तू जा. पण मला वाटतं तू जाऊ नयेस. मी तुझं ऐकायला हवं होतं. मला तू फार आवडतेस, आणि हे मी बोलतोय, मर्ल."

तिने पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला. पर्स उघडली, छोटी वही काढली, पेन्सिलचे टोक जिभेला लावले. चालक म्हणाला, "बाई, चला." ती म्हणाली, "एक मिनिट, हे लिहून घेते." तिने भरभर लिहिले, बारीक रेघा, आकडे, टिंबे. मला वाटले त्यापेक्षा ते जास्त भरले. मग वही पर्समध्ये ठेवली, माझ्या गालाला हात लावला आणि चढली.

तिने काय लिहिले ते मला वाचता येत नव्हते. तिने वाचून दाखवले नाही, आणि मी विचारले नाही. मी बोललो होतो तेच लिहिले असेल असे मला वाटते. बस वळून जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.